कानामागची तीट

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका माझ्यावर जळायच्या, आणि त्याला कारण माझा नवरा. जळोत बापड्या! इंद्रजित शिंत्रे कधी चिडत नाही, कधी कंटाळत नाही, कधी 'डोकं उठलंय' म्हणून सोफ्यावर आडवा होत नाही. फाउंड्रीतून आला की हातपाय धुतो, भाजी निवडतो, कपडे वाळत घालतो, ओवीला गोष्ट सांगतो, आणि हे सगळं शीळ घालत करतो. समोरच्या मगदूम काकू लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणायच्या, "तेजस्विनी, तुझा नवरा म्हणजे सोनं गं बाई. आमच्या ह्यांना जरा शिकवायला सांग की त्याला."

"घेऊनच जा की काकू," मी म्हणायची. "परत नाही मागणार."

काकू खो खो हसायच्या. मी हसत नसायची, पण ते त्यांच्या लक्षात यायचं नाही.

पूर्वी हा माणूस असा नव्हता. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो प्रॉडक्शन बघतो. 'बिझी आहे' हे तो छाती फुगवून सांगायचा. बारशाला बिझी, लग्नाला बिझी, बायकोच्या वाढदिवसाला तर फारच बिझी. त्याला एकट्याला काय बोलायचं म्हणा, आमच्या सगळ्या पिढीलाच ती खोड होती. कसा आहेस विचारलं की 'मजेत' म्हणायचे दिवस गेले होते. ज्याला फुरसत आहे त्याच्याकडे लोक संशयाने बघायचे, ह्याचं काहीतरी बिनसलंय म्हणून. पण घरी आल्यावर ह्या बिझी माणसाच्या छातीत धडधड व्हायची. ऑर्डर, रिजेक्शन, भट्टी, साहेब, सगळं डोक्यात गरगरत राहायचं. ताटात काय वाढलंय हे कळायचं नाही. तान्ही ओवी मांडीवर असली तरी त्याचा पाय सारखा हलत असायचा, आणि ती बिचारी तशीच हलत हलत झोपायची.

मग 'सलग' आलं.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तेव्हा वर्गात सांगते तसंच सांगते. जांभया देऊ नका. आपण काही करत नसतो तेव्हा मेंदू गप्प बसतो असं पूर्वी वाटायचं. तसं नाही. हातातलं काम संपलं, नजर खिडकीबाहेर गेली, की मेंदूचे काही ठरावीक भाग जागे होतात आणि एकमेकांशी बोलायला लागतात. शास्त्रज्ञ त्याला विश्रांतीचं जाळं म्हणतात. विश्रांती कसली डोंबलाची, सगळ्यात जास्त गडबड तिथेच! काल तो मला असं का बोलला, उद्या काय होईल, गॅस बंद केला का, आई एकटी काय करत असेल, हे सगळं त्या जाळ्यात चालतं. काळजी तिथेच शिजते. उदास माणसाच्या डोक्यात तर हे जाळं थांबायचं नावच घेत नाही.

कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी बाहेरून नेमक्या जागी पोचवल्या तर हे जाळं झोपवता येतं, असा शोध लागला. ऑपरेशन नाही, गोळी नाही. नाण्याएवढी काळी चकती, कानामागे चिकटवायची, झालं. आधी ती आजारी माणसांना दिली. काहीजण जीव द्यायला निघालेले, ते माघारी आले, हे मी नाकारणार नाही. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की चकती लावलेला माणूस दोन कामांच्या मधे थांबत नाही. मन भरकटत नाही, त्यामुळे शीण येत नाही. एक काम संपलं की समोर असेल ते दुसरं. त्यांनी नाव ठेवलं 'सलग'. कोल्हापुरात सलग कुणी म्हणत नाही. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून कानामागे काजळाची तीट लावतात, ही चकती अगदी तशीच दिसते. म्हणून तीट. "काय, तीट लावली की नाही अजून?" असं लोक सहज विचारतात.

इंद्रजितनं लावली. पहिले काही महिने मीही देवाला हात जोडले, खोटं कशाला बोलू? रक्तदाब खाली आला. पाय हलायचा थांबला. ओवीच्या चेहऱ्याकडे बघून तो हसायला लागला. मला वाटलं, माझा संसार वाचला.

मग आबा गेले.

आबा म्हणजे माझे सासरे. कागलला एकटेच राहायचे, हट्टानं. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. इंद्रजितनं सगळं केलं. दवाखाना, दाखले, पाहुणे, अस्थी, जेवणं, कशात म्हणून कमी नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. पाहुणे म्हणाले, पोरगा खंबीर आहे हो. मीही तसंच समजले.

दहाव्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरकून उभे राहिले. समोरच्या झाडावर एक कावळा होता. मान वाकडी करून पिंडाकडे बघायचा, पण खाली यायचा नाही. ऊन चढत चाललं. लोकांची चुळबुळ सुरू झाली. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय, असं मानतात. मग जवळच्यानं ओळखून ते बोलायचं असतं, करतो म्हणून शब्द द्यायचा असतो. कावळा खरंच त्यासाठी येतो का, ते सोडा. मी विज्ञान शिकवते, मला विचारू नका. पण त्या वेळेला घाटावरचा प्रत्येकजण गेलेल्या माणसाच्या मनात शिरायची धडपड करतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

आबांची धाकटी बहीण, आमच्या आत्या, इंद्रजितच्या दंडाला धरून म्हणाल्या, "इंद्रा, बोल की रं! दादाच्या मनात कायतरी ऱ्हायलंय. काय ऱ्हायलंय ते तू बोल."

इंद्रजितनं वाऱ्यानं उडालेला दर्भ उचलून गुरुजींच्या हातात दिला.

"ओवीला लई शिकवतो म्हण," मागून कुणीतरी बोललं.

"आत्याला अंतर देणार न्हाई म्हण."

"गप बसा रं," आत्या ओरडल्या. "त्येला बोलू द्या. पोटचा हाय त्यो. इंद्रा, आबांच्या मनात काय असंल?"

"आबांच्या मनात?" इंद्रजित म्हणाला. आवाजात दुःख नव्हतं, राग नव्हता. एखाद्या पाव्हण्यानं न कळणाऱ्या भाषेत पत्ता विचारावा, तसा चेहरा झाला होता त्याचा. "आत्या, आबा नाहीत ना आता."

आत्यांचा हात त्याच्या दंडावरून खाली आला. इंद्रजितनं घड्याळ बघितलं आणि गुरुजींकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, "दर्भाचा कावळा करतात ना गुरुजी? तो करून टाकू. पुढचं आवरायला बरं."

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला. शास्त्राला धरूनच झालं सगळं. पण मला तेव्हा एकदम कळलं. दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल हे ओळखायला मेंदूकडे वेगळं यंत्र नाही. तेच जाळं. जे काळजी करतं तेच आठवण काढतं, तेच समोर नसलेल्या माणसाला डोळ्यांसमोर आणतं, तेच त्याच्या जागी जाऊन बसतं. हे मी वर्षानुवर्षं वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. आणि घरात नवऱ्याच्या डोक्यात ते झोपवून ठेवलंय म्हटल्यावर काय होणार, हा हिशेब मी केलाच नव्हता.

तेरावा उरकून आम्ही कामावर गेलो, त्याच दिवशी मी कॉलेजातून त्याला फोन लावला.

"इंद्रा, ओवी आत्ता काय करत असेल?"

"शाळेत असेल. शाळेची वेळ आहे."

"ते मलापण माहीत आहे. पण काय करत असेल? खेळत असेल, रडत असेल, डबा खात असेल? जरा डोळ्यांसमोर आण की."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो शांतपणे म्हणाला, "तेजू, ती समोर नाहीये."

मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. पेपर तपासणं चालू होतं, आणि बहुतेकांच्या कानामागे तीट होती.

भांडले तर किती भांडले मी! तो शांतपणे ऐकून घ्यायचा. "अगं, माझं ओवीवर प्रेम आहे," म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. ती समोर आली की त्याचा चेहरा फुलायचा. पण ती आतल्या खोलीत गेली की गेली. तिथे ती पडेल, तिला भूक लागली असेल, असलं काही त्याच्या डोक्यात येऊच शकायचं नाही. विचारलं तर सगळं बरोबर सांगायचा. आठवणी पुसल्या जात नाहीत, एवढंच की कुणी हाक मारल्याशिवाय त्या वर येत नाहीत. आणि हाक मारायला घरात मी एकटीच होते.

घरातच कशाला म्हणायचं? ओवीच्या शाळेनं नवा नियम केला होता. शाळा सुटायच्या वेळेला पालकांच्या फोनवर भोंगा वाजायचा, पोराला ताब्यात घेईपर्यंत थांबायचाच नाही. फाटकाशी आयाबाप वाजते फोन घेऊन धावत यायचे. पोर दिसलं की काय ते हसू, काय ते मुके! पोरांना वाटायचं, सगळीकडे असंच असतं. मी त्या फाटकाशी उभी राहिले की माझा जीव घाबराघुबरा व्हायचा. समजा भोंगा वाजलाच नाही तर?

ओवीला त्याच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पाळतही होते. पण प्रॅक्टिकलच्या परीक्षा लागल्या आणि एका दिवशी बाहेरचे परीक्षक उशिरा आले, ओवीला शाळेतून त्यालाच आणावं लागलं. मी दर थोड्या वेळानं फोन करत होते, "ओवी कुठाय?" आणि तो सांगत होता, "ही काय, माझ्यासमोर." शेवटची बॅच आत घेतली तेव्हा फोन बाहेर ठेवावा लागला.

घरी आले तेव्हा दिवे लागायला आले होते. इंद्रजित ओट्याशी गवार निवडत होता. शीळ चालू.

"ओवी कुठाय?"

"ओवी?" त्यानं वर बघितलं. प्रसन्न चेहरा. मग हातातली शेंग तशीच राहिली आणि तो एकेक सांगायला लागला. "रंकाळ्याला नेली होती. कणीस पाहिजे म्हणाली. कट्ट्यावर बसवली, कणीस आणायला गेलो. तेवढ्यात फाउंड्रीतून फोन आला, भट्टी बंद पडली होती. ते मिटवलं."

"मग?"

"मग घरी आलो."

"आणि ओवी?"

"कट्ट्यावर."

तो काहीही लपवत नव्हता. विचारलं म्हणून सांगत होता, आणि तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

मी स्कूटर कशी काढली, सिग्नल कसे तोडले, मला आठवत नाही. तो मागे बसला होता आणि "डावीकडून घे, तिकडून लवकर पोचू," असं सांगत होता. त्याच्या आवाजात घाई होती, भीती नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर फक्त पाणी होतं. रंकाळ्याच्या पायऱ्या, शेवाळ, आणि खाली काळं पाणी. देवा, माझं लेकरू! ओवी चार वर्षांची होती आणि तिला पाण्यात दगड टाकायचा नाद होता.

पूर्वी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसायला जागा मिळायची नाही. पेन्शनर, कॉलेजची पोरं, भेळ खाणारी कुटुंबं, नुसतीच टिवल्याबावल्या करणारी माणसं. एखादं पोर एकटं दिसलं असतं तर दहा जणांनी विचारलं असतं, कुणाचं गं तू? त्या संध्याकाळी कट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. बसायला उरलंय कोण? लोक होते, पण सगळे झपझप फेऱ्या मारत होते, कानामागे तीट लावून, नजर समोर. मी "ओवी! ओवी!" करत त्यांच्यामधून धावत होते आणि ते मला बाजूला सरून वाट देत होते.

शेवटच्या कणसाच्या गाडीशी ती सापडली. गाडीवाल्या बाईच्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती, हुंदके देऊन देऊन दमलेली.

"आवं बाई, पोरगी तुमची व्हय?" बाई माझ्यावर कडाडली. "कवाधरनं बसलीया! पायऱ्यांवरनं खाली पाण्याकडं निघाली हुती, म्या धरून आणली. काळीज हाय का न्हाई तुमास्नी?"

मी काही बोलायच्या आत इंद्रजित पुढे झाला. ओवी दिसली मात्र, आणि त्याच्या घशातून हंबरडा फुटला. त्यानं तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि तो ढसाढसा रडायला लागला. "माझी ओवू, माझं बाळ ते." ओवीनं त्याच्या गळ्याला मिठी मारली. मी पुढे झाले आणि त्याच्या खाडकन मुस्काटात दिली. भर रंकाळ्यावर. येणारेजाणारे तसेच चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याला ओढतच डॉक्टर सोहनींकडे नेलं. बाई हुशार, बोलायला गोड. तीट काढली की दिवसभरात जाळं जागं होतं, म्हणाल्या. मेंदूला इजा काही नाही. "फक्त इतके दिवस जे जाणवलं नाही, ते सगळं एकदम जाणवेल. बहुतेकांना ते सोसत नाही." मग माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्हीच फार ताणाखाली दिसताय. तुम्ही का नाही लावून बघत?" त्यांनी केस मागे सारले तेव्हा त्यांची तीट दिसली. आणि सांगते, क्षणभर मला मोह झाला. डोळ्यांसमोरचं ते काळं पाणी जाईल, झोप लागेल. मग ओवी मनात ठेवायला जगात कोण उरेल, ह्या विचारानं मी खुर्चीवरून उठलेच.

इंद्रजितनं तीट स्वतः काढली. ओवी त्याच्या मांडीवर होती म्हणून काढली, हे मला पक्कं माहीत आहे. मी तिला मुद्दाम तिथे बसवलं होतं.

पहिल्या दिवशी तो गॅलरीत नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन एकदम म्हणाला, "तेजू, आबा गेले गं." आणि कप खाली पडला. जणू बातमी त्याच सकाळी कळली होती. मी त्याला जवळ घेतलं. "मी बसायला पाहिजे होतं त्यांच्याजवळ," तो म्हणत राहिला. "दर वेळेला म्हणायचे, बस की रे जरा. मी उभ्या उभ्या निघायचो. त्यांना दुसरं काही नको होतं. घाटावर मी हे का नाही बोललो? सगळे विचारत होते, मी का नाही बोललो?"

मला माझा नवरा परत मिळाला होता. चिडका, दमलेला, रडणारा, पण माझा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तो माझ्यावर खेकसला तेव्हा मी देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली. ओवी झोपली की तो तिच्या उशाशी बसून राहायचा. तिची मैत्रीण कोण, तिला कुठला रंग आवडतो, असं मला विचारायचा. तिचं दोन वर्षांची असतानाचं बोबडं बोलणं त्याच्यासमोर झालं होतं, पण त्याला त्यातलं काही गोड वाटून आठवत नव्हतं. झालं होतं एवढंच माहीत होतं. त्याचं त्याला फार लागायचं.

पण पाणी त्यालाही दिसायला लागलं होतं. मला दिसायचं त्याच्या शंभर पट. ओवी बाथरूममध्ये गेली की हा बाहेर दाराला कान लावून उभा. शाळेत गेली की शाळेला फोनावर फोन. "ती बुडाली असती तेजू. मी इथे गवार निवडत बसलो असतो आणि ती बुडाली असती." मी म्हणायची, "अरे राजा, वाचली ना ती! भीती वाटणारच. आईबापांना वाटतेच. हळूहळू ओसरते ती."

पण ओसरायला अवधी कुणीतरी द्यायला हवा होता. फाउंड्रीत त्याच्या हाताखालचे सगळे तीटवाले. तो बोलता बोलता थांबला, डोळे भरून आले, की ते वाट बघायचे आणि म्हणायचे, "सर, पुढचं घ्यायचं ना?" साहेबांनी बोलावून विचारलं, शिंत्रे, तुम्ही मधेच थांबता हल्ली. वडील गेले हो, असं त्यानं सांगितलं, तर साहेब म्हणाले, ते तर मागेच गेले ना? घरी येऊन तो मला म्हणाला, "सगळ्या गावात मी एकटाच जागा आहे असं वाटतं गं." मी म्हटलं, "मी आहे की." त्यानं मान हलवली. पण मला तेव्हाच धास्ती बसली.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून शीळ ऐकू आली.

मी पलंगावरून उठले. तशीच आत गेले. तो ओवीसाठी घावन घालत होता. कानामागे काळी चकती.

"का रे? इंद्रा, का?"

"भीती वाटत होती," तो हसून म्हणाला. "आता नाही वाटत."

"आणि ओवी?"

त्यानं टेबलाशी बसलेल्या ओवीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ओवी ही काय इथे."

मी आरडाओरडा केला नाही. माझ्यातलं भांडणच संपलं होतं. भीती तेवढी राहिली होती. आज कट्टा होता, उद्या कडक उन्हात गाडी असेल, परवा उघडी राहिलेली गॅलरी. मी बॅग भरली. ओवीचे कपडे, माझे कपडे, कॉलेजला रजेचा निरोप. माझं माहेर सांगलीला. बॅग दाराशी आणली आणि त्याला समोर बसवून सांगितलं, "मी ओवीला घेऊन सांगलीला चाललेय. तू ती तीट काढून ठेवशील, आणि काढलेली ठेवशील, तेव्हाच येईन. नाहीतर नाही."

त्याचे डोळे भरले. खरंखुरं पाणी, नाटक नव्हे. "जाऊ नकोस तेजू. मी काढतो. आजच काढतो. ओवूशिवाय मला राहवेल का?" त्यानं ओवीला कुशीत घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. माझं मन इतकं पाघळलं की बॅग परत आत न्यावी असं वाटलं. पण मी ओवीचा हात धरला आणि बाहेर पडले. दार लागलं.

लिफ्टचं बटण दाबलं नाही. म्हटलं, थांबावं जरा. आत तो जमिनीवर बसला असेल, रडत असेल. आता दार उघडेल, मागे येईल. मी कान देऊन उभी राहिले.

आतून मिक्सर चालू झाल्याचा आवाज आला. चटणी वाटत होता.

"आई, माझी पाण्याची बाटली," ओवी म्हणाली, आणि मी आवरायच्या आत तिनं टाचा उंचावून बेल दाबली.

मिक्सर थांबला. दार उघडलं. इंद्रजितचा चेहरा असा फुलला, जणू वर्षानं भेटतोय. "अरेच्चा! ओवू! ये ये ये!" त्यानं तिला उचलून गर्रकन फिरवलं. ती खिदळायला लागली.

"इंद्रा," मी म्हटलं. "आम्ही कुठे निघालोय, सांग."

"सांगलीला," तो लगेच म्हणाला. "तीट काढून ठेवली तरच परत येणार म्हणालीस." आणि हे बोलता बोलता त्याला ते कळत गेलं. हसू मावळलं, डोळे परत भरले. "जाऊ नकोस तेजू. मी काढतो. आजच काढतो."

तेच शब्द. तोच आवाज. मी बाटली घेतली, ओवीला खाली उतरवलं, आणि दार माझ्याच हातानं ओढून घेतलं.

मिक्सर चालू झाला.

"चल," मी म्हटलं. "चल ओवी, लिफ्ट बोलाव."

पण ओवीनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत खट्याळ चमक आली. तिनं बेल दाबली. दार उघडलं.

"अरेच्चा! ओवू!"

तीच मिठी, तीच गिरकी. ओवी हसून हसून लाल झाली. मी तिला ओढून बाहेर काढलं, दार लावलं, आणि तिनं परत बेल दाबली. परत तो आला. परत तसाच, पहिल्यांदाच भेटल्यासारखा. मी भिंतीला टेकून उभी होते. कोल्हापुरात ह्या वेळेला किती दारांमागे हे चाललं असेल, असं मनात आलं.

दार लागलं. ओवी धापा टाकत माझ्याजवळ आली आणि तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"आई, बाबा बघ ना, दर वेळी कसा खूश होतो!" ती म्हणाली. "तू का नाही गं अशी खूश होत मला बघून?"

जिचा विचार डोक्यातून पळभर हलत नाही, तिला बघून माणूस दचकून खूश कसं होणार, हे चार वर्षांच्या पोरीला कुठल्या शब्दांत सांगू?

तिनं थोडी वाट बघितली. मग माझा चेहरा सोडून दिला, दाराशी गेली, टाचा उंचावल्या आणि बेलवर बोट ठेवलं. मी तिचा हात धरायला पुढे झाले, पण तोवर बेल वाजली होती. आत मिक्सर थांबला आणि पावलं आनंदानं धावत दाराकडे आली.